रायगड किनारपट्टीवरील जखमी दुचाकीस्वार आणि अपघात नुकसानभरपाईचा कायदा : एक ऐतिहासिक अभ्यास (१९३९ ते २०२५)

गोषवारा

रायगड जिल्ह्याच्या किनारी तालुक्यांत दुचाकी हे चैनीचे नव्हे, तर रोजीरोटीचे वाहन आहे. या वाहनावरून पडून किंवा धडक बसून जखमी होणाऱ्या माणसाला कायद्याने कोणते संरक्षण दिले, ते कसकसे विकसित झाले आणि ते त्याच्यापर्यंत कितपत पोहोचू शकते, याचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. 'दोष कोणाचा' या प्रश्नाकडून 'जखमीची गरज काय' या प्रश्नाकडे कायद्याचा प्रवास झाला. परंतु हक्काचा आधार असलेली पहिली कागदपत्रे तयार करण्याचा भार दीर्घकाळ जखमीच्या कुटुंबावरच राहिला. २०२२ नंतर हा भार पोलीस यंत्रणेकडे सोपवण्यात आला; त्याच वेळी अर्जाची मुदत मात्र कठोर करण्यात आली. या दोन परस्परविरोधी बदलांचे मूल्यमापन हा लेखाचा मुख्य विषय आहे.

बीजसंज्ञा : दुचाकी अपघात, मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, विधी सेवा, मुदत, हेल्मेट, रायगड किनारपट्टी.

प्रस्तावना

भारतातील रस्ते अपघातांच्या इतिहासात दुचाकीस्वार हा सर्वाधिक बळी पडणारा घटक आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ व्यक्ती रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होत्या. मृतांची गणना होते, त्यांच्या बातम्या येतात. जो वाचतो, परंतु ज्याचा पाय किंवा हात कायमचा निकामी होतो, त्याचा इतिहास मात्र न्यायालयाच्या दप्तरात आणि घरातल्या कर्जाच्या वहीत विखुरलेला असतो. समाजेतिहासाच्या दृष्टीने हा वर्ग दुर्लक्षित राहिला आहे.

रायगडचा किनारा या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त ठरतो. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या या पट्ट्यात बंदर, कारखाने, मासेमारी, बागायती आणि पर्यटन यांची वाहतूक एकाच अरुंद रस्त्यावर एकत्र येते. जिल्हा न्यायालय अलिबागला, काही तालुक्यांसाठी अतिरिक्त जिल्हा न्यायालय माणगावला, तर गंभीर जखमींवरील उपचार अनेकदा पनवेल, नवी मुंबई किंवा मुंबईला, अशी येथील भौगोलिक विभागणी आहे. अपघात, उपचार आणि न्याय ही तीन ठिकाणे एकमेकांपासून दूर असली म्हणजे कायद्यातील हक्काचे काय होते, हे येथे स्पष्टपणे पाहता येते.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१. रायगड किनारपट्टीवर दुचाकी हे प्रमुख वाहन होण्यामागील ऐतिहासिक कारणे पाहणे.
२. मोटार अपघात नुकसानभरपाईच्या कायद्यातील टप्पे दुचाकीस्वाराच्या दृष्टिकोनातून तपासणे.
३. मोफत विधी सेवा व सुरक्षाविषयक तरतुदींचे मूल्यमापन करणे.

लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून अधिनियम, नियम, न्यायनिर्णय व शासकीय अहवाल यांचा आधार घेतला आहे.

जलमार्गाकडून रस्त्याकडे

धरमतरची खाडी, कुंडलिकेचे मुख, राजपुरीची खाडी आणि दक्षिणेला सावित्रीच्या मुखाशी बाणकोटची खाडी यांनी रायगडचा किनारा तुकड्या-तुकड्यांत विभागला आहे. त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथील माणसाचा मुंबईशी संबंध प्रामुख्याने जलमार्गाने होता. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' ही बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक प्रवाशांना जलसमाधी मिळाली. तत्कालीन कुलाबा जिल्ह्याच्या स्मृतीत प्रवासातील मृत्यू म्हणजे दर्यातील मृत्यू, हेच समीकरण होते.

स्वातंत्र्योत्तर काळात हे चित्र बदलत गेले. मुंबई–गोवा महामार्ग, खाड्यांवरील पूल आणि राज्य परिवहनची बससेवा यांनी किनारा रस्त्याने जोडला. १९८१ च्या जानेवारीत कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्याच सुमारास थळचा खत प्रकल्प व अन्य कारखाने उभे राहिले. रेल्वे मात्र किनाऱ्यापर्यंत पोहोचली नाही. १९९८ मध्ये पूर्ण झालेला कोकण रेल्वेमार्ग रोहा, माणगाव अशा अंतर्भागातून गेला. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन व म्हसळा या तालुक्यांना प्रवासी रेल्वे लाभली नाही आणि उरणपर्यंत उपनगरी गाडी येण्यास जानेवारी २०२४ उजाडावे लागले.

या पोकळीत दुचाकी आली. १९८५ मध्ये हिरो होंडाची कमी इंधनात धावणारी मोटारसायकल बाजारात आली. पुढील दोन दशकांत हप्त्यांच्या सोयीमुळे दुचाकी गावोगाव पोहोचली. शेवटची एस.टी. चुकली तरी घरी परतता येऊ लागले. पहाटे बंदरावर मासळी उतरवणारा कोळी, कारखान्यातील पाळीवर जाणारा कामगार, नारळ-सुपारीच्या वाडीतला मजूर आणि महाविद्यालयीन विद्यार्थी या सर्वांचे ते वाहन झाले. तरीही, ज्या मोठ्या रस्त्यांवर वाहतूक शिस्तबद्ध ठेवली गेली तेथे दुचाकीला स्थान मिळाले नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर आणि २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवर दुचाकीला मनाई आहे. परिणामी अवजड वाहने, पर्यटकांच्या मोटारी आणि दुचाकी यांची गर्दी जुन्या रस्त्यांवरच राहिली. २०२० मध्ये भाऊचा धक्का–मांडवा रो-रो सेवा सुरू झाल्यानंतर मुंबईची वाहने थेट अलिबाग तालुक्यात उतरू लागली, ही त्यात पडलेली भर होय.

'दोष कोणाचा?' : १९३९ ते १९८२

भारतात १९१४ चा मोटार वाहन कायदा परवाने व नोंदणीपुरता मर्यादित होता. अपघातात मृत्यू आल्यास १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमान्वये वारसांना दिवाणी न्यायालयात दावा करता येई; परंतु त्यासाठी न्यायालय शुल्क, वकील आणि वर्षानुवर्षांची प्रतीक्षा परवडावी लागे. १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाने त्रयस्थ व्यक्तीसाठीच्या विम्याची सक्ती स्वीकारली. मात्र तो भाग प्रत्यक्षात १ जुलै १९४६ पासून अमलात आला. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली आणि जखमीला दिवाणी न्यायालयाऐवजी स्वतंत्र व तुलनेने सोपा मार्ग मिळाला.

न्यायाधिकरण आले तरी मूळ प्रश्न बदलला नाही. समोरच्या चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करणे आवश्यक होते. बेशुद्धावस्थेत रुग्णालयात नेलेल्या दुचाकीस्वाराला, किंवा रात्रीच्या निर्मनुष्य रस्त्यावर धडक बसलेल्या कामगाराला साक्षीदार कोठून आणणार? मुंबईतील एका अपघात प्रकरणात उच्च न्यायालयाने दोषाविना दायित्वाचा विचार पुढे नेण्याचा प्रयत्न केला होता. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला आणि दोष सिद्ध केल्याखेरीज भरपाई नाही, ही भूमिका कायम ठेवली. कायद्यानेच बदलल्याशिवाय हा पेच सुटणार नव्हता.

तो बदल १९८२ मध्ये झाला. दोष सिद्ध न करताही मृत्यूसाठी १५,००० रुपये आणि कायमस्वरूपी अपंगत्वासाठी ७,५०० रुपये देण्याचे दायित्व वाहनमालकावर आले. धडक देऊन पळून गेलेल्या अज्ञात वाहनाच्या बाबतीत मृत्यूसाठी ५,००० व गंभीर दुखापतीसाठी १,००० रुपये इतकी मदत निश्चित झाली. रकमा अत्यल्प होत्या. पण तत्त्व महत्त्वाचे होते. जखमीला साहाय्य मिळण्यासाठी कोणीतरी अपराधी ठरलाच पाहिजे, ही अट प्रथमच शिथिल झाली.

१९८९ : तीन घटना

रायगडच्या दृष्टीने १९८९ हे वर्ष निर्णायक मानावे लागते. त्या वर्षाच्या मे महिन्यात उरण तालुक्यात जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले. मिठागरांच्या आणि शेतीच्या या प्रदेशातून कंटेनर वाहून नेणाऱ्या ट्रेलरची अखंड रांग सुरू झाली. ज्या रस्त्याने गावकरी दुचाकीवरून बाजाराला जात, तोच रस्ता आंतरराष्ट्रीय व्यापाराचा मार्ग झाला.

१ जुलै रोजी १९८८ चा मोटार वाहन अधिनियम अमलात आला. कलम १२९ अन्वये दुचाकी चालवणाऱ्याला व मागे बसणाऱ्याला शिरस्त्राणाची सक्ती, कलम १३४ अन्वये जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे चालकाचे कर्तव्य, कलम १४० अन्वये दोषाविना दायित्व आणि कलम १६६ अन्वये भरपाईचा अर्ज, अशी एकत्रित रचना उभी राहिली.

त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणाचा निकाल दिला. या प्रकरणाच्या मुळाशी एका स्कूटरस्वाराची बातमी होती. मोटारीच्या धडकेत जखमी झालेल्या या इसमाला जवळच्या रुग्णालयाने दाखल करून घेतले नाही. पोलीस प्रकरणे हाताळण्याचा अधिकार असलेल्या, सुमारे वीस किलोमीटर दूरच्या रुग्णालयाकडे त्याला पाठवण्यात आले आणि वाटेतच त्याचा मृत्यू झाला. पोलिसांच्या कागदांची वाट न पाहता जखमीचे प्राण वाचवणे हे शासकीय असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. भारतातील तातडीच्या उपचारांच्या हक्काचा हा पाया एका दुचाकीस्वाराच्या मृत्यूवर उभा आहे, ही गोष्ट इतिहासाने विसरता कामा नये.

या हक्काला आर्थिक पाठबळ मिळण्यास मात्र पस्तीस वर्षे लागली. २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. २०१६ मध्ये सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जखमीला मदत करणाऱ्या व्यक्तींच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना बंधनकारक स्वरूप दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्यांना कलम १३४-अ मध्ये स्थान मिळाले. मे २०२५ मध्ये केंद्र शासनाने अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. 'पैसे भरा, मग दाखल करू' या उत्तराला आता कायद्याचा आधार उरलेला नाही. तथापि, योजनेतील नामनिर्देशित रुग्णालय काशीद किंवा दिवेआगरपासून किती अंतरावर आहे, यावरच तिचे खरे मोल ठरणार आहे.

कायद्याच्या छत्रीबाहेरचे : एकटा पडलेला आणि मागे बसलेली

नुकसानभरपाईची सारी रचना 'दुसऱ्या वाहनाच्या' कल्पनेवर उभी आहे. दुचाकीस्वाराचे अनेक अपघात मात्र दुसऱ्या वाहनाशिवाय होतात. पावसाळ्यातील खड्डा, वळणावर साचलेली वाळू, रात्री रस्त्यात बसलेली गुरे ही किनाऱ्यावरील नित्याची कारणे आहेत. अशा वेळी स्वतःच्या वाहनाचा मालक असलेला स्वार 'त्रयस्थ' ठरत नाही. त्याच्या हाती केवळ मालक-चालकाचा व्यक्तिगत अपघात विमा उरतो. २००२ पासून दुचाकीसाठी ही रक्कम एक लाख होती. २०१८ मध्ये ती पंधरा लाख करण्यात आली. मात्र हा विमा केवळ मृत्यू व ठरावीक कायमस्वरूपी अपंगत्वापुरता आहे. मोडलेल्या हाडाच्या उपचारांचा खर्च त्यातून मिळत नाही.

मागे बसणाऱ्या व्यक्तीची स्थिती त्याहून नाजूक आहे. युनायटेड इंडिया इन्शुरन्स कंपनीच्या २००६ मधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, केवळ कायद्याने सक्तीचा असलेला विमा घेतला असेल, तर विनामोबदला मागे बसलेल्या व्यक्तीची जोखीम त्यात समाविष्ट होत नाही. सर्वसमावेशक विम्यात ती समाविष्ट असल्याचे विमा नियामक प्राधिकरणाने २००९ मध्ये स्पष्ट केले. ग्रामीण भागात हप्ता कमी म्हणून बहुधा सक्तीचाच विमा घेतला जातो. पती दुचाकी चालवत असताना घसरून पत्नी जखमी झाली, तर दुसऱ्या वाहनाचा दोष नसल्यास तिला विमा कंपनीकडून भरपाई मिळणे कठीण होते. विमा आहे, वाहन नोंदलेले आहे, परवाना आहे, तरी ती छत्रीबाहेरच राहते. स्त्रियांच्या प्रवासाचा विचार करणाऱ्या अभ्यासकांनी या तरतुदीकडे लक्ष देणे आवश्यक आहे.

खड्ड्यांच्या बाबतीत अलीकडे एक नवी दिशा दिसते. २०१९ च्या दुरुस्तीने सदोष रस्त्याबद्दल यंत्रणा व कंत्राटदार यांच्यावर दंडाची तरतूद केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे व उघडी गटारे यांमुळे होणाऱ्या मृत्यूसाठी सहा लाख आणि दुखापतीसाठी पन्नास हजार ते अडीच लाख रुपयांची भरपाई निश्चित केली. रस्त्याच्या मालकालाही 'दुसरा पक्ष' मानण्याची ही सुरुवात आहे. २०११ पासून रुंदीकरण चालू असलेल्या महामार्गाच्या जिल्ह्यात तिचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

भरपाईचे मोजमाप

१९९४ मध्ये दोषाविना भरपाईसाठी वय व उत्पन्न यांवर आधारित कोष्टक आले. परंतु ते वार्षिक ४०,००० रुपयांपर्यंतच्या उत्पन्नापुरते होते आणि दीर्घकाळ सुधारले गेले नाही. कलम १६६ खालील दाव्यांत न्यायाधिकरणांचे निवाडे परस्परांहून फार भिन्न असत. दिल्ली परिवहन महामंडळाच्या २००९ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वयानुसार गुणांक निश्चित केला. नॅशनल इन्शुरन्स कंपनीच्या २०१७ च्या प्रकरणात घटनापीठाने भविष्यातील उत्पन्नवाढीचे प्रमाण ठरवून दिले. स्वयंरोजगार करणाऱ्यांसाठी ते वयाच्या चाळिशीपर्यंत ४० टक्के आहे.

जखमींच्या दृष्टीने २०१० मधील एक निर्णय अधिक मोलाचा ठरला. शरीराचे वैद्यकीय अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेतील घट या दोन भिन्न गोष्टी असून न्यायाधिकरणाने त्या व्यक्तीचा व्यवसाय पाहून निर्णय करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. उदाहरणादाखल, मासेमारी बोटीवर काम करणाऱ्या तीस वर्षांच्या खलाशाचे मासिक उत्पन्न १२,००० रुपये मानू. वार्षिक १,४४,००० रुपयांत ४० टक्के भविष्यकालीन वाढ मिळवल्यास २,०१,६०० रुपये होतात. त्यास १७ या गुणांकाने गुणल्यास ३४,२७,२०० रुपये येतात. पायाच्या दुखापतीने डॉक्टरांनी २० टक्के अपंगत्व दाखवले आणि न्यायाधिकरणाने तेच धरले, तर भरपाई ६,८५,४४० रुपये. परंतु हलत्या बोटीवर उभे राहून जाळे ओढणाऱ्याची कमाई ४० टक्क्यांनी घटली असे सिद्ध झाले, तर तीच रक्कम १३,७०,८८० रुपये होते. एकाच जखमेचा हा दुप्पट फरक वकिलाने योग्य पुरावा दिला की नाही, यावर अवलंबून असतो.

येथे २०२२ पासून अमलात आलेल्या कलम १६४ विषयी सावधगिरी आवश्यक आहे. या कलमाने दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपयांची तरतूद केली. १९८२ च्या तुलनेत ही मोठी प्रगती होय. मात्र विमा कंपनीशी तडजोडीच्या विहित पद्धतीने ही रक्कम स्वीकारल्यास कलम १६६ खालील मोठा दावा संपुष्टात येतो. उपरोक्त खलाशाने रुग्णालयाचे देणे भागवण्यासाठी घाईने अडीच लाखांवर सही केली, तर त्याने किती गमावले हे त्याला कदाचित कधीच कळणार नाही.

दुचाकीस्वाराविरुद्ध नेहमी घेतल्या जाणाऱ्या हरकतींनाही न्यायालयांनी मर्यादा घातली आहे. चालकाकडे परवाना नसणे एवढ्यावरून अपघातात त्याचाही दोष होता असे मानता येत नाही (२००८). दुचाकीवर तिघे बसले होते एवढ्यानेही तसे ठरत नाही. त्या कृत्याचा अपघाताशी किंवा दुखापतीशी कार्यकारणसंबंध दाखवावा लागतो (२०२०). नियमभंगाबद्दल दंड होऊ शकतो. मात्र त्यामुळे भरपाईचा हक्क आपोआप नष्ट होत नाही.

मुदतीचा इतिहास आणि पहिला कागद

कायद्याच्या प्रवासात मुदतीची कहाणी विशेष बोलकी आहे. १९५६ च्या दुरुस्तीत अर्जासाठी साठ दिवसांची मुदत होती. १९६९ मध्ये ती सहा महिने झाली. पुरेसे कारण असल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला होता. १९८८ च्या कायद्याने सहा महिने कायम ठेवून विलंबमाफीला बारा महिन्यांची कमाल मर्यादा घातली. अडाणी व गरीब वारसांचे दावे केवळ उशिरामुळे फेटाळले जातात हे लक्षात आल्यावर १९९४ मध्ये मुदतच रद्द करण्यात आली. त्याच वेळी अर्जदाराला स्वतःच्या निवासाच्या ठिकाणीही दावा करण्याची मुभा मिळाली. १ एप्रिल २०२२ पासून मात्र सहा महिन्यांची मुदत पुन्हा आली आणि या वेळी विलंबमाफीची तरतूदही ठेवण्यात आली नाही. तिच्या वैधतेला आव्हान देण्यात आले असून, केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला.

सहा महिने म्हणजे किती? मांडीचे हाड मोडलेला माणूस शस्त्रक्रिया, दुसरी शस्त्रक्रिया आणि कुबड्या यांतून बाहेर येईपर्यंत ते संपलेले असतात. कायमस्वरूपी अपंगत्वाचे प्रमाणपत्र तर जखम स्थिरावल्यावरच मिळते. श्रीवर्धनच्या जखमीचे उपचार मुंबईत चालू असताना त्याच्या घरच्यांनी पोलीस ठाण्यातून पंचनाम्याची प्रत आणून न्यायाधिकरणात अर्ज करावा, ही अपेक्षा वास्तवाशी सुसंगत नाही.

या कठोरतेला तोल म्हणून कायद्याने दुसरी वाट उघडली आहे. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा प्रथम अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरण व विमा कंपनीला पाठवावयाचा असतो. न्यायाधिकरणाला तो अहवालच भरपाईचा अर्ज मानता येतो. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यासाठी पोलीस ठाण्यांत विशेष पथके नेमण्याचे निर्देश दिले. म्हणजेच जखमीने न्यायालयाकडे जाण्याऐवजी त्याच्या जखमेची नोंदच न्यायालयाकडे जावी, अशी ही कल्पना आहे. पहिला कागद तयार करण्याची जबाबदारी आता शासनाने स्वीकारली आहे.

त्यामुळे आता हक्काचे भवितव्य पोलीस ठाण्यातील नोंदीवर अवलंबून राहते. 'आपसांत मिटले' म्हणून खबर नोंदवलीच गेली नाही, रुग्णालयाने पोलिसांना कळवले नाही किंवा जखमनोंदीत 'घरी पडून' असे लिहिले गेले, तर पुढील सर्व तरतुदी निष्फळ ठरतात. या किनाऱ्यावर आणखी एक अडचण आहे. उरण नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या, तर अलिबाग व दक्षिणेकडील तालुके रायगड पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत येतात. उपचार तिसऱ्याच ठिकाणी होत असल्यास ही यंत्रणा एकमेकींना कळवते की नाही, हाच कळीचा प्रश्न ठरतो.

अज्ञात वाहनाच्या धडकेबाबतही हेच आहे. २०२२ पासून मदतीची रक्कम मृत्यूसाठी दोन लाख व गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार झाली. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, महिनाभरात वाहनाचा शोध न लागल्यास या योजनेची माहिती पोलिसांनी जखमीला किंवा वारसांना लेखी द्यावी. योजना असूनही माहितीअभावी अर्जच येत नव्हते, हे या आदेशामागचे वास्तव होते.

विधी सेवा : हक्क आणि अंतर

गरिबांना कायदेविषयक साहाय्य देण्याचा विचार मुंबई प्रांतात जुना आहे. १९४९ मध्ये न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली मुंबई सरकारने यासाठी समिती नेमली होती. १९७६ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आले आणि १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्यानुसार जिल्हा विधी सेवा प्राधिकरण व तालुका विधी सेवा समित्या कार्यरत आहेत.

या अधिनियमाच्या कलम १२ मधील एक बाब फारशी ज्ञात नाही. मोफत वकिलाचा हक्क केवळ उत्पन्नावर अवलंबून नाही. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची मर्यादा लागू होत नाही. अपघाताने अपंगत्व आलेला स्वार, मृत स्वाराची पत्नी आणि कारखान्यातील कामगार हे तिघेही या हक्काचे धनी आहेत. तरीही मध्यस्थांमार्फत 'मिळेल त्यातला हिस्सा' ठरवून दावे चालवले जातात. वस्तुतः निकालातील रकमेत वाटा ठरवण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई केली आहे. मिळालेली रक्कम इतरांनी लुबाडू नये म्हणून ती मुदत ठेवीत गुंतवण्याची तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने केरळ राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात घालून दिली, हेही याच संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे.

लोकअदालतीने दुचाकीस्वारांचे अनेक दावे लवकर निकाली काढण्याचा मार्ग उपलब्ध केला. तेथील निवाडा अंतिम असतो व त्यावर अपील नाही. वेग हा त्याचा गुण, तर अपील नसणे ही त्याची जोखीम. तडजोडीपूर्वी आपल्या दाव्याचे योग्य मोजमाप काय, हे जखमीला कोणीतरी समजावून सांगितले असेल, तरच ही तडजोड न्याय्य म्हणता येईल.

सुरक्षितता : अपघातापूर्वीचा कायदा

भरपाई हा अपघातानंतरचा उपाय होय. हेल्मेटसक्तीने संचारस्वातंत्र्याचा भंग होतो, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच, आंध्र प्रदेशातील नियमाविरुद्धच्या याचिकेत फेटाळला. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी व डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे आंतरराष्ट्रीय अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून दिसून आले आहे. तरी २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी १४,३३७ मागे बसलेल्या होत्या. 'गावातल्या गावात जायचे आहे' ही समजूत त्यामागे असते. परंतु अलिबाग–रेवदंडा किंवा उरणच्या रस्त्यावर गाव आणि महामार्ग यांत सीमारेषाच उरलेली नाही.

वाहनाच्या रचनेतही कायद्याने हस्तक्षेप केला. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना चाके अडकू न देणारी ब्रेक प्रणाली, तर त्याखालील दुचाकींना किमान संयुक्त ब्रेक प्रणाली आवश्यक झाली. जून २०२१ पासून भारतीय मानक चिन्हाविना हेल्मेट विकण्यास बंदी आली. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा त्रयस्थ विमा सक्तीचा झाला. सहाव्या वर्षी मात्र विमा नूतनीकरणाची जबाबदारी पुन्हा मालकावर येते आणि विमा नसलेल्या दुचाकीने कोणी जखमी झाल्यास भरपाईचा बोजा त्याच्या घरावर पडतो. किनाऱ्यावर जुनी दुचाकी हातोहात विकली जाते, नोंदणी मात्र मूळ मालकाच्याच नावावर राहते. अशा व्यवहारात अपघातानंतर दोन्ही कुटुंबे संकटात सापडतात.

निष्कर्ष

१. रायगड किनारपट्टीवर दुचाकीचे प्राबल्य हे रेल्वेचा अभाव, विरळ बससेवा आणि औद्योगिकीकरण यांचे फलित आहे. म्हणून येथील दुचाकीस्वाराची सुरक्षितता हा वैयक्तिक शिस्तीइतकाच विकासनीतीचा प्रश्न आहे.

२. १९८२, १९९४ आणि २०२२ या टप्प्यांवर कायदा दोषाकडून गरजेकडे सरकला. तथापि एकटा पडलेला स्वार आणि सक्तीच्या विम्यावरील वाहनावर मागे बसलेली व्यक्ती आजही पुरेशा संरक्षणाविना आहेत. मागे बसणाऱ्याची जोखीम सक्तीच्या विम्यात समाविष्ट करणे हा त्यावरील सरळ उपाय आहे.

३. १९९४ मध्ये मुदत रद्द करण्यामागील अनुभव २०२२ मध्ये विस्मरणात गेला. किमान विलंबमाफीचा अधिकार न्यायाधिकरणाला परत देणे इतिहासाशी सुसंगत ठरेल.

४. पोलीस अहवालालाच अर्ज मानण्याची तरतूद प्रामाणिकपणे अमलात आल्यास अंतराची अडचण बऱ्याच अंशी दूर होईल. त्यासाठी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात तसेच किनाऱ्यावरील ग्रामीण रुग्णालयांत विधी सेवा स्वयंसेवकाची नियमित उपस्थिती आवश्यक आहे. जखमीला मुदतीची, मोफत वकिलाची आणि घाईने सही न करण्याची माहिती खाटेपाशीच मिळाली पाहिजे.

५. जिल्ह्यातील महाविद्यालयांचे हजारो विद्यार्थी दररोज दुचाकीने ये-जा करतात. राष्ट्रीय सेवा योजना व विधी साक्षरता कार्यक्रमांतून त्यांना हेल्मेटइतकेच विम्याच्या कागदाचे आणि खबर नोंदवण्याचे महत्त्व सांगणे हे प्राध्यापकवर्गाच्या आवाक्यातील काम आहे.

कायद्याने जखमी दुचाकीस्वाराला दिलेले हक्क आज पूर्वी कधीही नव्हते इतके व्यापक आहेत. त्यांची सुरुवात मात्र अजूनही अपघातानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत, पोलीस ठाण्याच्या आणि रुग्णालयाच्या नोंदवहीतच होते. ती नोंद वेळेवर आणि खरी झाली, तरच पुढचा सारा कायदा त्या जखमीच्या उपयोगी पडतो.